उन्हाळ्याच्या सहलीसाठी बिनगव्हाचा डबा: काय न्यावं, कसं बांधावं, कुठे फसतं

शिदोरी

मे महिना लागला, सहली ठरायला लागल्या. घरात कुणाला सीलिएक (गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार) असेल तर सहलीचा पहिला प्रश्न जागेचा नसतो, डब्याचा असतो. म्हणून हा धागा. इथे फक्त एका दिवसाच्या सहलीचं बोलू या: पहाटे निघायचं, वाटेत न्याहारी, दुपारी एकच्या आसपास जेवण, रात्री घरी. पथ्य म्हणजे गहू, जव आणि राय नावाचं धान्य (मोहरी नव्हे) पूर्ण बंद. रवा, मैदा, शेवया, दलिया ही सगळी गव्हाचीच रूपं. बाजारातले साधे ओट्सही नकोत, कारण ते शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाच्या संगतीत असतात.

आधी एक हिशेब मांडते, कारण तो कळला की पुढचं सगळं आपोआप कळतं. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे 'ग्लूटेनमुक्त' म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. कणकेत साधारण ८ ते १० टक्के ग्लूटेन असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात जेमतेम पाव ग्रॅम कणीक पडली की मर्यादा संपली. पाव ग्रॅम कणीक म्हणजे लाटण्याच्या टोकाला वाळून बसलेला पापुद्रा. त्यामुळे पोळीच्या जागी भाकरी ठेवली एवढ्याने पथ्याचा डबा होत नाही. लाकडी पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी, परात पुसायचं फडकं, पोळ्या गुंडाळायचं फडकं, ही चार ठिकाणं आधी वेगळी करा. चाळणी सगळ्यात वाईट, तिच्या जाळीत अडकलेलं पीठ धुऊनही निघत नाही. लोखंडी तवा खरवडून, धुऊन, कडक तापवून घेता येतो, पण वेगळा ठेवलेला बरा. त्या दिवशी घरात इतरांसाठी पोळ्या करायच्याच असतील तर पथ्याचा डबा आधी करून, झाकून, आत ठेवून द्या आणि मगच कणकेचा डबा उघडा. कणीक हवेत उडते आणि ओट्यावर बसते.

दुसरं पथ्य उन्हाचं. शिजवलेलं ओलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. अन्नसुरक्षेचं नेहमीचं गणित म्हणजे बाहेर ठेवलं तर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात आपण सकाळी दहापासूनच ३२ च्या वर असतो. हे गणित भात, उसळ, डाळ, ओलं खोबरं, पनीर, अंडी, उकडलेला बटाटा यांना लागू. खरपूस भाजलेली भाकरी, दाण्याची चटणी, भडंग यांत पाणीच कमी, त्यामुळे ती दिवसभर तग धरतात.

म्हणून डबा तीन गठ्ठ्यांत बांधावा. ओलं आणि मऊ ते न्याहारीला, आठच्या आत संपवायचं. कोरडं ते दुपारच्या जेवणाला. दह्या-ताकाचं जे काही असेल ते बर्फात.

चार माणसांचा नमुना देते. न्याहारीला राजगिऱ्याची थालिपीठं ८. जेवणाला ज्वारीच्या दशम्या १२, मोकळं पिठलं दोन वाट्या, शेंगदाण्याची चटणी एक वाटी, अख्ख्या काकड्या ४, गाजरं ४, लिंबं २. गोठवलेलं ताक एकेक लिटरच्या दोन बाटल्या. मधल्या वेळेला २५० ग्रॅम चुरमुऱ्यांचं भडंग, राजगिऱ्याचे लाडू ८, केळी ८. सोबत स्वतःची सुरी, चिरायची छोटी पाटी, ताटल्या, चमचे. काकडी चिरून मीठ लावून नेऊ नका. तिला पाणी सुटतं आणि तासाभरात लिबलिबीत होते. अख्खी न्या, तिथे चिरा.

मोकळ्या पिठल्यात कांद्याचं पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायचं, एरवीपेक्षा चमचाभर तेल जास्त घालायचं आणि झाकण न ठेवता शेवटची पाच मिनिटं मंद आचेवर सुटसुटीत करायचं. दाणा मोकळा झाला पाहिजे, गोळा होत असेल तर अजून पाणी आहे. कोथिंबीर आणि ओलं खोबरं घालू नका.

दशम्या दुपारपर्यंत मऊ राहतील अशा कशा करायच्या हे भाकरीतल्या जाणकारांनी सांगावं. बऱ्याच जणांचं गाडं तिथेच अडतं.

गोदाकाठ

चांगला विषय, ताई. भाकरीचं सविस्तर लिहितो.

आधी पीठ. ज्वारीचं पीठ जितकं ताजं तितकी त्याला विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, जास्त. दळून महिना झाला की विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि भाजल्यावर तासाभरात पापडासारखी कडक होते. बाजरीचं तर उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांतच कडू होतं, कारण तिच्यात तेल जास्त आणि ते खवट होतं. सहलीला बाजरी टाळा.

पण पथ्यासाठी विरीपेक्षाही मोठा प्रश्न गिरणीचा. आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ दगडांच्या फटीत, कापडी पिशवीत आणि खालच्या डब्याच्या कोपऱ्यांत राहतं. 'आधी तांदूळ काढून घेतो' असं गिरणीवाले मनापासून सांगतात, त्याने बरंचसं निघतंही, पण ताईंचा पाव ग्रॅमचा हिशेब पाहिला तर त्यावर विसंबून चालणार नाही. सीलिएकसाठी दळण घरीच करावं. घरघंटी फक्त याच धान्यांसाठी ठेवता आली तर उत्तम, नाहीतर मिक्सर.

मिक्सरची रीत अशी. ज्वारी आधी पांढऱ्या ताटात मूठ मूठ पसरून निवडायची. ज्वारीचा दाणा गोल असतो, गव्हाचा लांबट आणि पोटावर खाच असलेला, तो डोळ्यांना लगेच टोचतो. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, म्हणजे किलोत पाच-सहा दाणे राहिले तरी पथ्य मोडलं. निवडणं ही इथे हौस नव्हे. मग ज्वारी दोन पाण्यांत धुऊन सुती कापडावर उन्हात कडकडीत वाळवायची, मे महिन्यात एक दिवस पुरतो. एका वेळी एकच वाटी, एक मिनिट फिरवायची, बारीक चाळणीने चाळायची, राहिलेली कणी पुढच्या वाटीत टाकायची. भांडं गरम झालं की पाच मिनिटं थांबायचं.

मिक्सरचं पीठ गिरणीपेक्षा जरा भरड राहतं, त्यामुळे थंड पाण्यात मळलं तर भाकरी तुटतेच. याला उपाय म्हणजे उकड. गव्हात ग्लूटेन पीठ धरून ठेवतं, ज्वारीत ते काम पिठातल्या स्टार्चकडून करून घ्यावं लागतं आणि स्टार्च चिकट व्हायला उकळतं पाणी लागतं.

दोन वाट्या पीठ असेल तर दोन वाट्या पाणी, पाव चमचा मीठ, एक चमचा तेल. पाणी खळखळून उकळलं की गॅस बारीक करून पीठ एकदम ओतायचं, लाटण्याच्या टोकाने ढवळायचं (हे लाटणंसुद्धा वेगळं), झाकण घालून एक मिनिट वाफ, गॅस बंद, दहा मिनिटं तसंच. मग परातीत काढून हाताला सोसेल इतकं गरम असतानाच ओल्या हाताने पाच-सात मिनिटं मळायचं. गोळा दाबल्यावर कडेला भेग पडली तर पाण्याचा हात घेऊन आणखी मळा. भेग न पडता बोटाचा ठसा उमटला की झालं. लाटताना वरून तांदळाची पिठी लावायची, तीही घरचीच. फुलक्यापेक्षा जाड, थापलेल्या भाकरीपेक्षा पातळ ठेवा.

दशमी करायची तर याच मापात पाण्याच्या जागी दूध घ्यायचं, तेलाच्या जागी तूप. दूध तळाला लागतं म्हणून जाड बुडाचं पातेलं हवं. दुधामुळे दशमी तव्यावर लवकर तांबूस होते, आतून कच्ची राहते. आच मध्यम ठेवून दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिनिटं, शेवटी दोन्हीकडून तूप. दुधातल्या आणि वरच्या स्निग्धांशामुळे ती दुपारपर्यंत लवचीक राहते, नुसत्या पाण्याची भाकरी राहत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते पॅक करताना. गरम दशमी थेट डब्यात घातली की तिची वाफ झाकणाला लागते, झाकणाच्या आत थेंब धरतात आणि ते परत वरच्या दशमीवर पडतात. वरची चिकट, कडा ओल्या, मधल्या एकमेकींना चिकटलेल्या. दुपारपर्यंत त्या ओल्या कडांना आंबूस वास येतो. प्रत्येक दशमी जाळीवर किंवा बांबूच्या टोपलीत सुटी ठेवून वीस मिनिटं पूर्ण गार होऊ द्यायची. मग दोन-दोनच्या मधे बटर पेपर, बाहेरून कोरडं सुती फडकं, मग डबा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई अन्नाला लागते.

चिंचगूळ

दोघांचे आभार. तीन शंका आहेत.

१. हिंगात गहू असतो असं ऐकलं, खरं का?
२. मेतकूट, सातूचं पीठ, थालिपिठाची भाजणी यांतलं काय चालतं?
३. एसटीने जायचं असेल, बर्फाची पेटी नेणं शक्य नसेल तर काय?

हिंगजिरं

चिंचगूळ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, आणि तेच बहुतेक घरांत सुटून जातं. बाजारात मिळतो तो शुद्ध हिंग नसतो. हिंग हा झाडाच्या मुळातून निघणारा चीक. तो फार उग्र असतो, म्हणून त्यात खाण्याचा डिंक आणि पीठ घालून तो सौम्य करतात. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं, काही डब्यांत तांदळाचं असतं. डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांत 'गव्हाचं पीठ' असेल तर ती डबी पथ्याच्या फोडणीतून बाद. नुसतं 'खाद्य पीठ' किंवा 'स्टार्च' लिहिलं असेल आणि कशाचं ते लिहिलं नसेल तरी बाद. खडा दिसतो म्हणून शुद्ध धरू नका, खडाही पीठ घालून बांधलेला असू शकतो.

आता हा हिंग कुठे कुठे जातो ते पाहा: गोडा मसाला, लोणच्याचा मसाला, उडदाचे पापड, ताकाचा मसाला, इडलीची पुडी, पॅकबंद दाण्याची चटणी. डबा सगळा ज्वारीचा आणि वर कैरीच्या लोणच्याची फोड, ती फोड डबा बिघडवते. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळेपर्यंत हिंगाशिवाय करा. फोडणीत जिरं आणि ठेचलेला लसूण जरा जास्त घातला की उणीव जाणवत नाही.

दुसरा प्रश्न. पारंपरिक मेतकुटात हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ यांच्या जोडीला गहू असतोच. विकतचं नको. घरी गहू वगळून केलं तर चव फारशी बदलत नाही, तेवढ्या मापाचे तांदूळ वाढवा. सातूच्या पिठात तर मोठा घोळ आहे. उत्तरेत सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, आपल्याकडच्या सातूच्या पिठात गहू असतो, काही ठिकाणी जवही. नावावरून घेऊ नका. डाळं घरी दळून त्यात गूळ, वेलची आणि गार पाणी घालून तेच काम होतं.

थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. बिनगव्हाची अशी: ज्वारी २ वाट्या, बाजरी १, तांदूळ १, हरभरा डाळ १, उडीद डाळ अर्धी, धणे पाव वाटी, जिरं २ चमचे, मेथ्या पाव चमचा. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर. उडीद डाळ गुलाबीसर झाली की उतरवा, ती करपली तर सगळी भाजणी कडवट होते. मेथ्या नुसत्या गरम करा.

बेसनही सुटं घेऊ नका. हरभरा डाळ निवडून घरी दळा. सुट्या बेसनात दुसरं पीठ मिसळलेलं असू शकतं आणि ते दळलेलंही गव्हाच्याच गिरणीत असतं.

गोदाकाठ

हिंगजिरं यांच्या लोणच्याच्या मुद्द्याला +१. आणखी एक: घरातल्या लोणच्याच्या बरणीत पोळी खाणाऱ्याचा चमचा जातो, पोळीचा तुकडाही पडतो. पथ्याचं लोणचं, लोणी, जॅम यांच्या बरण्या वेगळ्या हव्यात.

वरीतांदूळ

सगळे ज्वारीत अडकलेत, तेव्हा उपासाच्या स्वयंपाकघराकडे लक्ष वेधतो. आपल्याकडे एकादशीला जे चालतं ते जवळजवळ सगळं बिनगव्हाचं: साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं, बटाटा, दाणे. उपासाच्या फोडणीत हिंगही नसतो. कुणाच्या घरी जेवायचं असेल आणि ग्लूटेन समजावून सांगणं कठीण जात असेल, तर 'उपासाचं द्या' म्हटलं की समोरच्याला निम्मं पथ्य आपसूक कळतं. उरलेलं निम्मं म्हणजे पीठ कुठे दळलं आणि तळण कोणत्या तेलातलं हे दोन प्रश्न. हॉटेलातला साबुदाणा वडा याच कारणाने नको. त्याच कढईत आधी समोसे आणि ब्रेडपकोडे तळून निघालेले असतात.

शिदोरीताईंनी राजगिऱ्याची थालिपीठं म्हटलीत, त्यांचं माप देतो. आठ मध्यम थालिपिठांना दोन वाट्या राजगिऱ्याचं पीठ, दोन मध्यम बटाटे उकडून किसून, चार चमचे दाण्याचा कूट, दोन हिरव्या मिरच्या आणि एक चमचा जिरं वाटून, मीठ. पाणी घालायची घाई करू नका, बटाट्याच्या ओलाव्यातच ते मळलं जातं. अगदीच कोरडं वाटलं तर चमचा चमचा पाणी. बटाटा कोमट असतानाच किसा, गार झाला की गुठळ्या राहतात. राजगिऱ्याचं पीठ थापताना फार चिकटतं, म्हणून तेल लावलेल्या बटर पेपरवर थापून कागदासकट तव्यावर उलटं टाका आणि कागद सोडवून घ्या. मधे भोक पाडून तेल सोडा, झाकण ठेवून मंद आचेवर चार मिनिटं. मोठ्या आचेवर वरून काळं आणि आत गिच्च होतं. बटाटा असल्यामुळे ही न्याहारीलाच संपवा, दुपारपर्यंत ठेवू नका.

साबुदाण्याची खिचडी डब्याला वाईट. गार झाली की दाणे चिवट होतात आणि गोळा बनतो.

भगरीबद्दल कळकळीचं सांगणं. भगर आणि विशेषतः भगरीचं पीठ ओल धरतं आणि त्यावर बुरशी येते. उपासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतात त्या यामुळेच. सुटी भगर घेऊ नका, पॅकबंद घ्या आणि तारीख पाहा. भगरीचं पीठ विकत आणू नका. लागेल तेवढंच घरी दळा, उरवू नका. शिजवलेली भगर उन्हाळ्यात सहलीला नेऊच नका.

तवा_उलथणं

दहीभात कसा कुणी सांगितला नाही? दूध घालून कालवलेला दहीभात संध्याकाळपर्यंत छान राहतो. एक वाटी तांदळाचा भात मऊ शिजवून घोटायचा, कोमट झाला की दोन वाट्या दूध आणि दोनच चमचे दही घालायचं. वाटेत ते हळूहळू विरजतं आणि जेवणाच्या वेळेला बरोबर आंबट होतं. आधीच सगळं दही घातलं तर दुपारी तोंडात घालवत नाही इतकं आंबतं.

शिदोरी

तवा_उलथणं, कालवण्याची रीत बरोबर आहे, पण 'संध्याकाळपर्यंत' याला उन्हाळ्यात माझा विरोध आहे. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात आणि विष तयार करतात. त्यातलं एक विष उकळून किंवा परतूनही नष्ट होत नाही, म्हणून 'गरम करून खाऊ' हा उपाय नाही. दह्याच्या आंबटपणाने जंतूंची वाढ रोखली जाते, पण तुमच्या रीतीत पहिले दोन-तीन तास तो आंबटपणा आलेलाच नसतो आणि नेमका तोच वेळ धोक्याचा. दहीभात न्यायचाच असेल तर भात ताटात पसरून पंख्याखाली झटपट गार करा, कालवा, दोन तास फ्रिजमध्ये थंड करा आणि गोठवलेल्या ताकाच्या बाटल्यांमधे ठेवूनच न्या. पेटी नसेल तर दहीभात नको.

त्यावरूनच गरम राखणाऱ्या डब्यांविषयी. त्यात अन्न सकाळी सहाला कोमट भरलं तर ते दुपारपर्यंत ४० अंशांवर छान जपलं जातं, म्हणजे जंतूंची उबवणूकच. असा डबा वापरायचा तर आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवायचं, ओतून द्यायचं आणि वाफाळतं अन्न काठोकाठ भरायचं. तसं जमणार नसेल तर साधा स्टीलचा डबा बरा.

तवा_उलथणं

पटलं. पहिल्या दोन-तीन तासांचा मुद्दा लक्षात घेतला नव्हता.

खारीगुळाची

चिंचगूळ, तुमचा एसटीचा प्रश्न राहिला. पेटीशिवायचा डबा पूर्ण कोरडाच ठेवायचा. दशम्या, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, भडंग, फुटाणे, खजूर, गूळ-दाणे. ताक वगळा, त्याऐवजी कोकमाचं आगळ छोट्या बाटलीत न्या आणि गार पाण्यात मीठ-साखर घालून तिथेच सरबत करा. एका पेल्याला दोन चमचे आगळ, दोन चमचे साखर. पन्हंही तसंच: कैरी उकडून गर आणि गूळ एकत्र आटवून घट्ट करून ठेवला तर तो गर दिवसभर टिकतो, पाणी आयत्या वेळी. पातळ केलेलं पन्हं बाटलीत फसफसतं.

दाण्याच्या चटणीत लसूण कच्चा असेल तर तो कोरडा परतून घ्या, ओला लसूण उन्हात चटणीला लवकर वास आणतो. पाव किलो दाण्यांना आठ-दहा पाकळ्या, दोन चमचे तिखट, एक चमचा जिरं. उखळात कुटली तर तेल सुटून चटणी ओलसर होते आणि दशमीला धरते. मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा.

पेटी नेणाऱ्यांसाठी: ताकाची बाटली पाऊणच भरा, गोठताना ताक फुगतं आणि बाटली तडकते. पूर्ण एक दिवस आधी गोठायला ठेवा. मीठ घातलेलं ताक गोठायला वेळ घेतं, म्हणून मीठ-जिरं वेगळं न्या. वितळल्यावर पाणी आणि चोथा वेगळा दिसतो, जोरात हलवलं की एकजीव होतं. बाटल्या पेटीत तळाला नको, वर ठेवा, गारवा खाली उतरतो. गाडीत पेटी डिकीत नको, सीटच्या पायाशी सावलीत.

सोलकढी

कोकणात जाणाऱ्यांसाठी, कारण निम्म्या सहली तिकडेच. तांदळाची भाकरी आणि मासे म्हटलं की पथ्यवाल्यांना निर्धास्त वाटतं. तसं नाही. तळलेल्या माशाला बहुतेक ठिकाणी रवा लावतात, रवा म्हणजे गहूच. तांदळाच्या पिठात घोळवून, वेगळ्या तव्यावर, नव्या तेलात द्याल का असं स्पष्ट विचारा. 'हो हो' असं घाईत उत्तर आलं तर आमटी-भातावर भागवा, तेही आमटीत हिंग आणि विकतचा मसाला नाही याची खात्री करून. मालवणी वड्यांच्या पिठात तांदूळ आणि उडदासोबत गहू असतो, म्हणून कोंबडी-वड्यांतले वडे नकोत. भाकरी चपातीच्याच तव्यावर भाजतात आणि लावायचं पीठ कोणतं तेही कळत नाही, त्यापेक्षा घावन मागा. ते पातळ पिठाचं असतं, लाटणं-पोळपाट त्यात येत नाही. तवा मात्र धुऊन मागायचाच. सोलकढी चालते.

रस्त्यावर निर्धास्तपणे घ्यावं असं पुष्कळ आहे: शहाळं, ताडगोळे, केळी, करवंदं, जांभळं, फणसाचे गरे, काजू, शेंगांसकट भाजलेले दाणे, निखाऱ्यावरचं कणीस. कापून ठेवलेलं कलिंगड नको, त्यात माशांचा आणि उन्हाचा धोका. कणसाला लावायचं तिखट-मीठ स्वतःचं न्या. मुलांना आइस्क्रीम द्यायचं तर कोन नको, कपातलं, आणि त्यात बिस्किटाचा चुरा नाही हे विचारून. माल्ट घातलेली पेयं म्हणजे जव, ती बंद.

नाचणीसत्त्व

दोन गोष्टी जोडते.

निदान नुकतंच झालेलं असेल तर आतड्याचा अस्तर सुधारेपर्यंत पुष्कळांना दूधही पचत नाही. अशांना दुधातली दशमी नको. गोदाकाठ यांच्या मापात दुधाऐवजी एक वाटी लाल भोपळ्याचा शिजवलेला गर आणि एक वाटी पाणी घ्या, दोन चमचे तेल. भोपळ्यामुळे मऊपणा येतो, रंगही सुरेख येतो. पण ही दशमी दुधाच्या दशमीपेक्षा ओलसर, म्हणून जरा पातळ लाटा, कडकडीत भाजा आणि सकाळी अकराच्या आत खा.

दुसरं मधुमेहाचं. टाइप १ मधुमेह आणि सीलिएक कधी कधी एकाच माणसात असतात. तिथे बिनगव्हाचं म्हणून साबुदाणा, तांदूळ आणि बटाटा भरून दिला तर साखर भराभर चढते. अशा डब्यात ज्वारीची दशमी, मुगाची धिरडी, फुटाणे, दाणे जास्त ठेवा. मुगाच्या धिरड्यांना एक वाटी सालीचे मूग सहा तास भिजवून आलं-मिरचीसह कमी पाण्यात वाटा, पातळ पसरवा, झाकण न ठेवता दोन्हीकडून खरपूस करा. ती ओलसर असतात, न्याहारीला खा किंवा गार करून बर्फात न्या. इन्सुलिन घेणाऱ्याने साखर उतरली तर लगेच खाता येईल असं काहीतरी, ग्लुकोजची पूड किंवा साखर, वेगळ्या खिशात ठेवावं, डब्याच्या तळाशी नको.

आणि ज्यांची तपासणी अजून व्हायची आहे, नुसती शंका आहे, त्यांनी हा धागा वाचून गहू आत्ताच बंद करू नये. गहू थांबवल्यावर रक्तातली तपासणी फसवी येऊ शकते. आधी डॉक्टर, तपासणी, मग पथ्य.

चिंचगूळ

सगळं उतरवून घेतलं. शेवटचा प्रश्न: दशम्या आदल्या रात्री करून ठेवल्या तर चालतील? पहाटे पाचला निघायचं आहे.

गोदाकाठ

चालतील, पण फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या थंडाव्यात भाकरीतला स्टार्च लवकर ताठर होतो, सकाळी दशमी मोडते. रात्री उशिरात उशिरा करा, पूर्ण गार करून फडक्यात गुंडाळून टोपलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवा. पहाटे प्रत्येक दशमी गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी वीस-वीस सेकंद नुसती शेकून घ्या, परत जाळीवर गार करा आणि मग भरा. रात्रीचं पिठलं मात्र नको, ते पहाटेच करा. डाळीचं पीठ आणि चिरलेला कांदा मापून ठेवला तर पंधरा मिनिटांत होतं.